काय ठेवायचं, काय गाळायचं

१३ मे २०१५ रोजी ‘व्हेनम’ नावाची एक त्रुटी जगजाहीर झाली. ती शोधली क्राउडस्ट्राइक या कंपनीतल्या जेसन गेफनर यांनी, आणि सापडली ती फ्लॉपी डिस्क चालवणाऱ्या कोडमध्ये. फ्लॉपी बाजारातून हद्दपार होऊन तोवर कैक वर्षं लोटली होती. पण क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या कंट्रोलरची नक्कल करणारा कोड शिल्लक होता, त्यातली चूक २००४ पासून तशीच पडून होती, आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स या तिन्हींची यंत्रं क्यूएमूचाच तो कोड वापरत होती. व्हर्च्युअल मशीनच्या आत शिरलेल्या हल्लेखोराला तिथून थेट मूळ सर्व्हरवर पोचण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. फ्लॉपी ड्राइव्ह बंद ठेवून निर्धास्त राहावं, तर तेही शक्य नव्हतं. झेन आणि क्यूएमूमध्ये दुसऱ्याच एका चुकीपायी तो कोड जागाच राहत होता.

हलक्या व्हर्च्युअल मशीनचा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करणं बरं. ‘हलकं’ म्हटलं की आधी वेग आठवतो, मग मेमरी. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्या मागे एक जास्त मूलभूत निर्णय असतो: संगणकाची नक्कल करताना कोणते भाग ठेवायचे आणि कोणते गाळायचे. गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात जे चांगलं काम झालं, ते बहुतेक सगळं गाळण्याचं काम आहे. आणि हा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती येतो तो टर्मिनलवर टाइप केलेल्या एका कमांडच्या रूपाने. प्रस्तुत पुस्तक त्या कमांडबद्दल आहे, आणि तिच्या पोटात काय दडलंय त्याबद्दलही.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख. एका खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरच्या साह्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बोलण्यात ‘व्हीएम’. त्याला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क असते, आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला वाटतं की सगळं यंत्र आपलंच आहे. खरा संगणक तो होस्ट, आतला तो गेस्ट. या दोघांमध्ये उभं राहून वाटणी करणारा प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर.

ही कल्पना डॉकर किंवा क्लाउडच्या काळातली आहे, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती साठ वर्षांची झाली. आयबीएमच्या मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० या प्रणालीवर काम सुरू झालं ते १९६४ मध्ये. तिच्यामागून सीपी-६७ आली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० हे व्यापारी उत्पादन बाजारात आलं. एकच महागडा मेनफ्रेम, पण टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला स्वतःचा वेगळा संगणक मिळायचा. माणूस लॉगइन करायचा, दोन शब्दांची कमांड द्यायचा आणि त्याच्या वाट्याच्या यंत्रावर सीएमएस ही छोटी, एकाच वापरकर्त्यासाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम सुरू व्हायची. म्हणजे व्हीएम आणि कमांड लाइन यांची सोबत जन्मापासूनची. खिडक्या, बटणं आणि माउस मधल्या काळात आले. ‘सीएमएस’चा साधेपणाही लक्षात घेण्याजोगा आहे: अनेक वापरकर्त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची जबाबदारी खालचा थर सांभाळत होता, म्हणून वरच्या सिस्टीमला ती घ्यावीच लागत नव्हती. गाळण्याची ही पहिली मोठी खेप.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरवर व्हीएम नीट उभं राहू शकतं, याच्या अटी गणिती काटेकोरपणे मांडल्या. पुढे घरोघरी पोचलेला इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर नेमका त्या अटींत बसत नव्हता. त्याच्या काही सूचना अशा होत्या की गेस्टने त्या वापरल्या तर हायपरवायझरला पत्ताच लागत नसे. यावर तीन तोडगे निघाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने त्या सूचना धावता धावता बदलून टाकण्याचं तंत्र वापरलं. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेनने २००३ मध्ये सांगितलं की गेस्टच्या कर्नललाच थोडं बदला, म्हणजे तो आपणहून हायपरवायझरशी बोलेल. ॲमेझॉनची ईसी२ सेवा २००६ मध्ये झेनवरच उभी राहिली. आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय करून दिली, तेव्हा आधीच्या दोन्ही तोडग्यांची गरज हळूहळू कमी होत गेली.

प्रोसेसरमधल्या या सोयीचा सर्वांत मोठा लाभ लिनक्सने उठवला. क्यूमरानेट या कंपनीत काम करणाऱ्या अवी किविटी यांनी २००६ मध्ये केव्हीएम मांडलं आणि २००७ च्या फेब्रुवारीत ते लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झालं. केव्हीएमचं मोठेपण त्याच्या छोटेपणात आहे. पूर्ण हायपरवायझर लिहिण्याऐवजी त्याने लिनक्सकडे आधीच असलेली कामं, म्हणजे वेळेची वाटणी आणि मेमरीची व्यवस्था, लिनक्सकडेच राहू दिली. वापरणाऱ्याला दिसते ती फक्त डेव्ह फोल्डरमधली ‘केव्हीएम’ नावाची एक फाइल. जो प्रोग्राम ती उघडू शकतो, तो व्हीएम उभं करू शकतो. बाकीचं यंत्र, म्हणजे डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, कसं आणि किती दाखवायचं हे त्या प्रोग्रामने ठरवावं. सुरुवातीला हे काम फाब्रिस बेलार यांच्या क्यूएमूकडे गेलं, कारण ते तयार होतं आणि त्याला जवळजवळ प्रत्येक जुन्या-नव्या उपकरणाची नक्कल येत होती, फ्लॉपीसकट. पण दार सर्वांना खुलं होतं. क्यूएमूऐवजी दुसरं कुणीही ती फाइल उघडू शकत होतं. पुढची सगळी हलकी मशीन त्या एका रचनेमुळे शक्य झाली.

तेवढ्यात कंटेनर आले. एकाच कर्नलवर प्रक्रियांना वेगळं ठेवण्याची धडपड जुनीच: १९७९ चं सीएचरूट, २००० सालचे फ्रीबीएसडीचे जेल, मग सोलारिसचे झोन. गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलेलं, प्रक्रियांना संसाधनं वाटून देणारं सीग्रुप्स लिनक्समध्ये आलं, आणि २०१३ मध्ये डॉकरने हे सगळं एका सुटसुटीत कमांडमागे बांधून दिलं. व्हीएम चालू व्हायला मिनिट लागायचं, कंटेनर डोळ्याची पापणी लवेपर्यंत हजर. अनेकांनी तेव्हा व्हीएमचा निरोप समारंभच उरकून टाकला. पण कंटेनर म्हणजे वाड्यातली बिऱ्हाडं: दारं वेगळी, विहीर एक. कर्नल ही ती विहीर. २०१६ च्या ‘डर्टी काउ’ या त्रुटीने खुद्द कर्नलमधली फट दाखवली. २०१९ च्या फेब्रुवारीत कंटेनर चालवणाऱ्या रनसी या मूळ साधनात त्रुटी निघाली आणि कंटेनरमधून होस्टवर ताबा घेता येतो हे सिद्ध झालं. स्वतःचाच कोड चालवणाऱ्या कंपनीला हा धोका पेलवतो. हजारो अनोळखी ग्राहकांचा कोड एकाच सर्व्हरवर चालवणाऱ्याला तो पेलवत नाही.

मग प्रश्न उलटा विचारला गेला. कंटेनरला भक्कम करण्यापेक्षा व्हीएमलाच कंटेनरइतकं चपळ करता येईल का? २०१५ मध्ये इंटेलने क्लिअर कंटेनर्स आणि हायपर या छोट्या कंपनीने रनव्ही आणलं. २०१७ च्या डिसेंबरात दोन्ही एकत्र येऊन काटा कंटेनर्स हा प्रकल्प झाला. वरून कंटेनर, आतून व्हीएम, आणि कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या कुबरनेटीसला फरक जाणवू नये अशी त्याची रचना. त्याच वर्षी ‘लाइटव्हीएम’ या संशोधनात झेनवर एक अगदी छोटं व्हीएम २.३ मिलिसेकंदांत सुरू करून दाखवलं गेलं. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच काढून टाकून प्रोग्रामला लागेल तेवढाच भाग त्याच्याशी जोडणारी युनिकर्नलची पद्धत वापरली होती. अनिल माधवपेद्दी आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी मिराजओएसच्या रूपाने ती रुजवली होती. गूगलने जीव्हायझरमध्ये तिसरी वाट धरली: प्रोग्रामच्या कर्नलकडे जाणाऱ्या विनंत्या मध्येच अडवून स्वतः हाताळायच्या.

या सगळ्यांत फायरक्रॅकरवर थोडं थांबायला हवं. ग्राहकाचा कोड गरजेपुरता चालवून देणाऱ्या ॲमेझॉनच्या लॅम्डा सेवेत सुरुवातीला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं, भरभक्कम व्हीएम लागायचं. ग्राहकाचा कोड दिवसातून दोनदाच चालत असला तरी. हा अपव्यय टाळण्यासाठी तिथल्या अभियंत्यांनी क्रोमओएससाठी गूगलने रस्ट भाषेत लिहिलेलं क्रॉसव्हीएम आधाराला घेतलं, त्यातून नको ते सगळं काढलं आणि २०१८ च्या नोव्हेंबरात फायरक्रॅकर मुक्त-स्रोत म्हणून प्रसिद्ध केलं. २०२० साली आलेल्या त्यांच्या शोधनिबंधातली तुलना बोलकी आहे: क्यूएमूच्या कोडच्या ओळी १४ लाखांहून जास्त, फायरक्रॅकरच्या सुमारे ५० हजार. त्यात बायोस नाही. लिनक्सचा कर्नल थेट मेमरीत ठेवून सुरू केला जातो. ग्राफिक्स कार्ड नाही, आवाज नाही, यूएसबी नाही. नेटवर्क आहे, डिस्क आहे, अक्षरं बाहेर पाठवायला एक सीरियल पोर्ट आहे. आणि जुन्या पीसीतला कीबोर्ड कंट्रोलर आहे, पण तोही अर्धामुर्धा, पन्नासहून कमी ओळींचा. त्याचं काम एकच: यंत्र रीसेट करण्याची सूचना पोचवणं. सगळं गाळत आणलेल्या यंत्रात हा तुकडा का राहिला, याचं उत्तर असं कोडच्या एकेका ओळीपाशी जाऊन देता येतं. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट वेगाइतकीच मोलाची आहे.

वेगही आहेच. गेस्टमधला प्रोग्राम सुरू व्हायला १२५ मिलिसेकंद, एका व्हीएममागे फायरक्रॅकरचा स्वतःचा मेमरीखर्च पाच मेगाबाइटहून कमी, आणि एका होस्टवर सेकंदाला दीडशेपर्यंत नवी मशीन. शिवाय प्रत्येक मशीनभोवती ‘जेलर’ नावाचा आणखी एक कोट, जेणेकरून कुणी व्हीएम फोडलंच तरी तो बाहेरच्या तटबंदीतच अडावा.

पण फायरक्रॅकर माणसांसाठी बनलेलं नव्हतं. ते सॉकेटवरून जेसन (JSON) स्वरूपातला मजकूर ऐकतं: कर्नल इथे आहे, डिस्क तिथे आहे, आता सुरू हो. नेटवर्कचं टॅप उपकरण आधी आपण तयार करायचं, पत्ते आपण वाटायचे, डिस्कची फाइल आपण बनवायची. पहिल्यांदा हे हाताने करणाऱ्याचा अर्धा दिवस सहज जातो. ही दरी ओळखून वीव्हवर्क्स कंपनीने २०१९ मध्ये इग्नाइट आणलं. त्याने डॉकरच्या कमांडची धाटणी उचलली: रन म्हटलं की मशीन सुरू, पीएस म्हटलं की यादी, एसएसएच म्हटलं की आत. कंटेनरची इमेज घ्यायची आणि तिच्यातून थेट व्हीएम उभं करायचं. वापरणाऱ्याच्या सवयी मोडायच्या नाहीत, पण खालचं विलगीकरण बदलायचं, हा विचार फार चांगला होता. वीव्हवर्क्स २०२४ च्या फेब्रुवारीत बंद पडली आणि इग्नाइटचं कामही थांबलं, म्हणून त्या विचाराचं मोल कमी होत नाही. ॲपलने २०२५ च्या जूनमध्ये स्विफ्ट भाषेतलं ‘कंटेनर’ हे कमांड-लाइन साधन जाहीर केलं, त्यात प्रत्येक कंटेनरला त्याचं स्वतःचं हलकं व्हीएम मिळतं. सहा वर्षांनी दुसऱ्या टोकाकडून तीच वाट.

सर्व्हरच्या या कथेला समांतर एक कथा प्रोग्रामरच्या टेबलावर घडत होती. २०१० मध्ये मिचेल हाशिमोटो यांनी व्हॅग्रंट आणलं. यंत्र कसं हवं ते एका मजकूर-फाइलमध्ये लिहा, ती फाइल प्रकल्पासोबत ठेवा, नवा सहकारी आला की त्याने एक कमांड द्यावी आणि त्याच्या लॅपटॉपवर तसंच यंत्र उभं राहावं. आज हे साधं वाटतं. तेव्हा माउसने वीस खिडक्या उघडत, कुठे काय निवडलं ते लक्षात ठेवत हे काम चालायचं. यंत्राचं वर्णन वाचता येऊ लागलं, त्याच्या दोन आवृत्त्या ताडून पाहता येऊ लागल्या, आणि चूक कुणी कधी केली ते शोधता येऊ लागलं. व्हॅग्रंट ज्या हॅशीकॉर्पचं, ती कंपनी २०२५ मध्ये आयबीएमने घेतली.

त्यानंतरच्या साधनांनी फाइल ऐच्छिक केली. कॅनोनिकलचं मल्टीपास ‘लाँच’ एवढ्यावर उबंटूचं यंत्र देतं. २०२१ मध्ये अकिहिरो सुदा यांनी मॅकवर लिनक्सचे कंटेनर चालवण्यासाठी लिमा लिहिलं. मॅकमध्ये लिनक्सचा कर्नल नसल्याने तिथे मधे एक व्हीएम लागतंच. त्याच वर्षी डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क झालं आणि लिमासारख्या साधनांकडे पुष्कळ जणांचं लक्ष वळलं. विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनेच एक हलकं व्हीएम वापरकर्त्याला न जाणवता आत बसवलं. इन्कस आणि त्याचा पूर्वज एलएक्सडी यांनी कंटेनर आणि व्हीएम दोन्ही एकाच कमांडखाली आणले. शेवटी एक शब्द जोडला की कंटेनरऐवजी पूर्ण यंत्र. आणि लिबव्हर्टचं व्हर्श हे सगळ्यांत थोरलं साधन अजूनही सर्व्हर-प्रशासकांच्या रोजच्या वापरात आहे. ते शिकायला जड आहे, पण खाली काय चाललंय ते लपवत नाही, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तो गुणच आहे.

कारण ‘लाँच’ हा एक शब्द बरंच काही झाकतो. इमेज उतरवली जाते आणि तिची खूण पडताळली जाते. मूळ इमेज जशीच्या तशी ठेवून बदल तेवढे वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची सोय होते, त्यामुळे एकाच इमेजवरची पाच मशीन पाचपट जागा खात नाहीत. क्लाउड-इनिट पहिल्या सुरुवातीलाच नाव, वापरकर्ता आणि एसएसएचची किल्ली आत ठेवतं. होस्टवर एक पूल तयार होतो, त्याला मशीनची तार जोडली जाते, डीएचसीपी पत्ता देतं. यांतल्या कोणत्याही पायरीवर काही अडलं की पडद्यावर दिसतं फक्त ‘वेळ संपली’. पायऱ्या ठाऊक असलेल्याला कुठे पाहायचं ते कळतं, नसलेला पुनःपुन्हा तीच कमांड देत राहतो. अगदी साधं उदाहरणही आहे. मल्टीपासमध्ये ‘डिलीट’ केल्यावर मशीन यादीत खोडलेलं दिसतं, पण ‘पर्ज’ म्हणेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही.

हे सगळं आत्ताच का शिकावं? पहिलं कारण म्हणजे अनोळखी कोडचं प्रमाण वाढलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता कोड नुसता सुचवत नाहीत, टर्मिनलवर चालवतातही. पॅकेज उतरवतात, फाइली पुसतात. असा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर, आपल्या किल्ल्या आणि कागदपत्रांच्या शेजारी चालवणं धोक्याचं आहे. एका कमांडने उभं राहणारं आणि दुसऱ्या कमांडने पुसलं जाणारं यंत्र ही त्यासाठी आज सर्वांच्या आवाक्यातली सोय आहे. दुसरं कारण खर्चाचं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, त्यानंतर परवान्यांची रचना बदलली, आणि वर्षानुवर्षं एकाच साधनावर विसंबलेल्या संस्था केव्हीएमवरच्या पर्यायांकडे पाहू लागल्या. पुण्यात रेड हॅट आणि व्हीएमवेअर या दोन्हींनी अभियांत्रिकीची केंद्रं उभारली. मराठी मुलांसाठी हा विषय परक्या गावचा नाही. असं असूनही या विषयावर मराठीत सलग, विश्वासाने वाचावं असं लेखन हाताशी नसावं, ही उणीव हे पुस्तक लिहिताना मनापासून जाणवली आहे.

हलकेपणाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्याच दोषांनी दाखवलं की व्हीएमची भिंतही अभेद्य नसते. झटपट सुरू होण्यासाठी चालू मशीनचा स्नॅपशॉट घेऊन त्याच्या अनेक प्रती उठवतात, तेव्हा वेगळाच पेच पडतो. प्रत्येक प्रतीच्या मेमरीत यादृच्छिक अंकांचं बीज तेच असतं, म्हणजे दोन स्वतंत्र मशीन एकसारख्या ‘गुप्त’ किल्ल्या तयार करू शकतात. गेस्टला ‘तू आता नवी प्रत आहेस’ असं कळवणारी खूण त्यासाठी लागते, आणि लिनक्स कर्नलने तिची दखल घ्यायला २०२२ मध्ये सुरुवात केली. गाळताना काय गाळलं जातंय याचं भान सुटलं की अशा जागी घसरायला होतं.

पुस्तकाची चौकट यातूनच ठरली आहे. ते कोणत्याही एका साधनाची पुस्तिका नाही. साधनं येतात आणि जातात, इग्नाइटचं उदाहरण ताजं आहे. प्रत्येक काम आधी एका सोप्या कमांडने करायचं, मग तेच काम खालच्या थरात उतरून हाताने करायचं, अशी त्याची रीत आहे. मल्टीपासने मिळालेलं यंत्र पुढे व्हर्शने, आणि अखेर फायरक्रॅकरच्या सॉकेटशी थेट बोलून वाचक स्वतः उभं करतो. नेटवर्कवर जास्त पानं खर्च झाली आहेत, कारण शिकणारे सर्वाधिक अडतात ते तिथेच. ग्राफिक्स कार्ड व्हीएमला जोडणं, विंडोजचे गेस्ट आणि शेकडो सर्व्हरचे समूह हे विषय जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहेत.

त्यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे. आठ जीबी मेमरीचा लिनक्स लॅपटॉप पुरतो, कारण बहुतेक उदाहरणांतलं मशीन एक जीबीहून मोठं नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे ना, आणि वापरकर्ता ‘केव्हीएम’ गटात आहे ना, एवढं पहिल्या प्रकरणाआधी तपासून घ्यावं. अनेक लॅपटॉपवर ती सोय विकत घेतानाच बंद असते, आणि मग पुढची प्रत्येक कमांड चुकत राहते.